शून्य सावली दिवस : घाटनांदूरमध्ये सावली कधी गायब होते?

दुपारी १२ वाजता सूर्य रोज डोक्यावर येतो, असं आपण सर्रास म्हणतो. खरं तर अगदी डोक्यावर तो वर्षातून दोनदाच येतो, तेही कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या गावांत. दिल्लीकरांच्या नशिबी हे कधीच नाही.

अंबाजोगाई तालुक्यातल्या घाटनांदूरला हा योग मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस येतो. मेमधली वेळ साधारण १२ वाजून २० मिनिटं. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि बीड जिल्हा त्याच्या पश्चिमेला, म्हणून हा उशीर.

अडचण वेगळीच आहे. मेमध्ये शाळेला सुट्टी, जुलैत आभाळ भरलेलं. म्हणजे हा प्रयोग वर्गात होणं अवघडच. पण मेपर्यंत ऊसतोडीला गेलेली बहुतेक कुटुंबं गावी परतलेली असतात. आई-वडिलांसोबत कोपीवर राहिलेल्या मुलांचे कित्येक महिने बुडालेले असतात, त्यात विज्ञानाचे तासही आले. अंगणातली सावली मोजायला मात्र हजेरीपट लागत नाही.

लागतं काय? सरळ काठी, ती उभी करायला गवंड्याचा ओळंबा आणि खडू. १२ पासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करायची. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन वर्षानुवर्षं असंच विज्ञान शिकवलं.

तारीख दोन दिवसांनी चुकली तरी बिघडत नाही. मीटरभर काठीची सावली तेव्हाही सेंटिमीटरच्या आतच राहते.