खानदेशच्या काळ्या पाषाणाखालीं

धुळ्याजवळ आग्ऱ्याच्या हमरस्त्यालगत लळिंगचा किल्ला उभा आहे. त्याचा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा बनलेला आहे, त्याच जातीचा पाषाण जगांतील महासागरांच्या तळाशीं पसरलेला आहे. शास्त्रज्ञ त्याला बेसाल्ट म्हणतात. मग खानदेश हा एके काळीं समुद्राचा तळ होता कीं काय, अशी शंका चौकस श्रोत्याच्या मनांत आल्यास तींत वावगें कांहींच नाहीं.

तापीचें खोरें शास्त्रीय दृष्टीनें पहिल्यानें पालथें घातलें तें भूगर्भ खात्याच्या विल्यम ब्लॅनफर्ड यांनीं. त्यांचा वृत्तांत १८६९ सालीं प्रसिद्ध झाला. नागपूरकडे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांना लाव्हाच्या दोन थरांच्या मधोमध गोड्या पाण्यांतील शंख-शिंपल्यांचे अवशेष सांपडले होते. लाव्हा वाहिला तो तळीं-ओढे असलेल्या जमिनीवर, हें त्यावरून उघड झालें. पण त्या जमिनीच्या खालीं काय आहे, हें कोण सांगणार?

त्या प्रश्नाचें एक सूत्र याच देशांतून निघालें. हिंदुस्थानच्या मोजणींत कल्याणा व कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनीं काढतां सुमारें पांच विकलांचा फरक पडला. हिमालयाच्या ओढीनें ओळंबा कलतो, असें प्रॅट यांनीं म्हटलें. परंतु गणितानें ओढ याहून पुष्कळच मोठी यावयास हवी होती. तेव्हां १८५५ सालीं एअरी यांनीं असें मांडलें कीं, पाण्यांत तरंगणाऱ्या ओंडक्यांपैकीं जो अधिक वर दिसतो तो खालींहि अधिक खोल बुडालेला असतो, त्याप्रमाणें पर्वतांनाहि हलक्या खडकांचीं मुळें असतात.

पुढें १९०९ सालीं मोहोरोविचिच यांनीं भूकंपाच्या लहरींवरून कवचाची खालची मर्यादा ओळखली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सागरतळाचीहि मोजणी झाली. खंडाचें कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड. वरच्या अंगास मुख्यतः ग्रॅनाइट व नाइस यांसारख्या फिकट, हलक्या खडकांचें. सागराचें कवच अवघें सातेक किलोमीटर, पण बेसाल्टचें आणि म्हणून जड. जड असल्यामुळें तें थंड होतां होतां पुन्हा पृथ्वीच्या पोटांत बुडतें. म्हणून आजच्या मोठ्या महासागरांचा तळ सुमारें १८ कोटि वर्षांहून जुना सांपडत नाहीं. खंडाचें कवच मात्र बुडत नाहीं. कॅनडांत ४०० कोटि वर्षांचा खडक अद्यापि उघडा आहे. धाकटा समुद्र आणि थोरली जमीन, असा हा उलटा संसार आहे!

खानदेशचा लाव्हा सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा. तो ज्या भेगांतून वर आला, त्या भेगांत थिजलेल्या दगडी भिंती धुळें-नंदुरबारच्या पट्ट्यांत शेंकड्यांनीं आहेत. बहुतेक पूर्व-पश्चिम धांवणाऱ्या. विहीर खणणाऱ्याला त्यांची ओळख निराळ्या कारणानें असते, कारण भूगर्भांतील पाणी त्या अडवून धरतात. अशाच राजमाने व तळवाडे येथील दोन भिंतींच्या अंगांत परके खडे अडकलेले आढळले. त्यांचा अभ्यास २००८ सालीं प्रसिद्ध झाला. नाइस, क्वार्ट्झाइट, ग्रॅनाइटच्या जातीचे दगड. लाव्हापेक्षां कितीतरी प्राचीन. वर येतांना लाव्हानें वाटेंतल्या भिंतींचे टवके उडवून बरोबर आणले होते! सागरतळाच्या कवचांत असे दगड सांपडत नाहींत. तेव्हां वर काळें पांघरूण, आणि खालीं अस्सल जुनें खंड.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीस भूकंप झाला आणि हजारों माणसें निजल्या जागीं गाडलीं गेलीं. दख्खनचें हें पुरातन पठार निश्चल आहे, अशी तोंवर अनेकांची समजूत होती. वस्तुतः १९६७ सालच्या कोयनेच्या धक्क्यानेंच ती ढळावयास हवी होती. किल्लारीस मागाहून भोंक पाडून पाहिलें, तेव्हां सुमारें ३३८ मीटर काळा पाषाण संपला, थोडा गाळाचा थर लागला, आणि त्याखालीं नाइस लागला. भूकंपाची भेग त्या नाइसपर्यंत उतरलेली होती.