धुराड्याचा हिशेब

लढायांचे इतिहास लिहिले जातात, तहांचे लिहिले जातात. अमुक राजाचा मुक्काम अमुक तिथीस कोठे होता, यावरही पंडितांचे वाद झडतात. परंतु धुराड्याच्या पोटात नळी घालून त्यातील वायू मोजणाऱ्या सरकारी नोकराचा इतिहास शोधू जावे, तर जुन्या अहवालांवरील धूळ झटकावी लागते. आम्हां कचेरीत आयुष्य काढणाऱ्या मंडळींना मात्र हा इतिहास आपल्या घरचाच वाटावा. कायदा कागदावर उतरल्यानंतर पुढे त्याचे होते काय, हाच प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

ह्या कथेचा आरंभ धुण्याच्या सोड्यापासून होतो. साबण, काच व कापड ह्या तिन्ही धंद्यांना सोडा हवा. निकोलस लब्लांक ह्या फ्रेंच गृहस्थाने साध्या मिठापासून तो करण्याची कृती शोधली व १७९१ मध्ये तिचा हक्क मिळविला. मिठावर गंधकाम्लाची क्रिया करावयाची, आणि त्यातून निघालेला क्षार चुनखडी व कोळसा यांच्याबरोबर भट्टीत भाजावयाचा, अशी ती कृती. परंतु पहिल्याच पायरीस हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सुटतो. रसायनशास्त्राच्या हिशेबाने शंभर भार मिठामागे तो सुमारे बासष्ट भार निघतो. जेम्स मस्प्रॅट याने १८२३ मध्ये लिव्हरपूल येथे हा धंदा सुरू केला, तेव्हा हा सारा वायू धुराड्यावाटे सरळ हवेत जाई. शेजारची झाडे वाळत, पिके करपत, कुलपे गंजत. तक्रारी झाल्या, खटले झाले. त्यावर कारखानदारांचा उपाय एकच : धुराडे आणखी उंच बांधणे. उपद्रव त्यामुळे नाहीसा झाला नाही. तो अधिक दूरवर वाटला गेला, इतकेच.

न्यायालयाचा मार्ग खुला होता खरा. पण ज्याचे शेत जळाले त्याने ते कोणत्या धुराड्याने जाळले हे सिद्ध करावयाचे! जेथे एकाशेजारी एक अशी अनेक धुराडी, तेथे बिचाऱ्या शेतकऱ्याने हे करावे तरी कसे? सर्वांनी मिळून केलेल्या अपराधाचा अपराधी कोणीच ठरत नाही, हा अनुभव सरकारी खात्यांतही अगदीच अपरिचित नसावा.

नवल असे की, ह्यावरील औषध कधीच सापडलेले होते. विल्यम गॉसेज याने १८३६ मध्ये एका पडक्या पवनचक्कीत झुडपांच्या फांद्या भरल्या, वरून पाणी सोडले आणि त्यातून वायू नेऊन पाहिला. पाण्याला हा वायू अत्यंत प्रिय असल्याने तो त्यात विरघळून गेला. साधन स्वस्त, तत्त्व सोपे. तरीही पाव शतक उलटले आणि पुष्कळ धुराडी पूर्ववतच वायू ओकीत राहिली. शेजाऱ्याने खर्च केला नाही तर आपण का करावा, असा बाजाराचा न्याय असतो. ज्ञान होते, पण बंधन नव्हते.

ते बंधन १८६३ च्या अल्कली कायद्याने आले. आदल्या वर्षी लॉर्ड डर्बी यांच्या अध्यक्षतेखाली उमरावांच्या सभेची समिती बसली होती; त्यांची स्वतःची जहागीर सेंट हेलेन्सच्या कारखान्यांपासून जवळच होती, हेही येथे सांगितले पाहिजे. कायद्याने दोन गोष्टी केल्या. निघणाऱ्या आम्लवायूपैकी निदान पंचाण्णव टक्के वायू कारखानदाराने अडविला पाहिजे, असे ठरविले. आणि ते पाहण्यासाठी सरकारी निरीक्षक नेमला. पहिल्या अपराधास दंड पन्नास पौंड, पुढील प्रत्येकास शंभर. प्रथमदर्शनी जबाबदार मालकच. चूक नोकराची व ती आपल्या नकळत झाली असे म्हणावयाचे तर ते मालकाने सिद्ध करावयाचे. पुराव्याचा जो भार आजवर शेतकऱ्याच्या माथी होता, तो एका कलमाने कारखानदाराच्या खांद्यावर आला.

पहिला निरीक्षक झाला रॉबर्ट अँगस स्मिथ. हा ग्लासगोचा रसायनशास्त्रज्ञ जर्मनीत लीबिगच्या हाताखाली शिकलेला होता आणि मँचेस्टरच्या हवेचा व पावसाचा त्याने पुष्कळ वर्षे अभ्यास केलेला होता. १८७२ मधील आपल्या ग्रंथात त्याने आम्लयुक्त पावसासाठी जो शब्द योजला, तो आज जगभर चालतो. आरंभी त्याच्या हाताखाली उपनिरीक्षक होते अवघे चार. एवढ्या बळावर सारे सोड्याचे कारखाने सांभाळावयाचे! त्याने खटल्यांचा धडाका लावला नाही. कारखान्यात जावे, मोजमाप घ्यावे, मनोरा कोठे गळतो, पाणी कोठे कमी पडते हे दाखवावे आणि पुन्हा येऊन पाहावे, अशी त्याची रीत. पहिल्याच तपासण्यांत बहुतेक कारखाने पंचाण्णवाच्या वर गेलेले आढळले. जमीनदारांनी त्याला मवाळ म्हटले. त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. निरीक्षक आणि कारखानदार यांचा स्नेह फार वाढला की शेतकऱ्याचा विसर पडण्याचा संभव असतोच. तथापि पाच माणसांच्या खात्याने प्रत्येक दोषासाठी न्यायालयाची पायरी चढावयाची ठरविली असती, तर मोजमापाला वेळ कोठून मिळता?

खरी अडचण निराळीच होती, आणि ती आमच्या मते ह्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद गोष्ट आहे. अडचण होती त्या टक्केवारीत. मूळ वायू किती निघाला हे कळल्यावाचून पंचाण्णव टक्के अडला की नाही हे कसे सांगावे? आणि मूळचा आकडा मिठाच्या खपावरून, म्हणजे मालकाच्या वहीवरून काढावयाचा. शिवाय कारखाने वाढले की उरलेले पाच टक्केही वाढतात. प्रत्येक कारखाना कायद्याच्या कसोटीस उतरे, आणि शेत मात्र जळतच राही! ह्यावर १८७४ च्या दुरुस्तीने माप बदलले. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या एका घनफुटात आम्लवायू एक पंचमांश ग्रेनहून अधिक असता कामा नये, म्हणजे आजच्या मापाने घनमीटरला सुमारे ४६० मिलिग्रॅम. आता वही पाहण्याचे कारण उरले नाही, धुराड्यालाच विचारावयाचे. त्याबरोबर, इतर अपायकारक वायूंसाठी मालकाने उत्तमोत्तम असा व्यवहार्य उपाय योजला पाहिजे, हे तत्त्वही आले. आल्फ्रेड फ्लेचर ह्या उपनिरीक्षकाने धुराड्यातील वायूचा वेग मोजण्याचे यंत्र तयार केले. कारण नुसते प्रमाण मोजून भागत नाही, बाहेर एकंदर किती गेले हेही कळावे लागते. १८८४ मध्ये स्मिथ वारल्यावर मुख्य निरीक्षकाची जागा ह्याच फ्लेचरला मिळाली.

अडविलेल्या आम्लाचे पुढे काय झाले? आरंभी पुष्कळांनी ते ओढ्यानाल्यांत सोडले. हवा सुधारली ती पाण्याच्या जिवावर. पुढे वेल्डन व डीकन यांच्या कृतींनी त्यापासून क्लोरीन आणि क्लोरीनपासून विरंजक चूर्ण निघू लागले. कापड व कागदाच्या धंद्यांत त्याला मोठी मागणी होती. सोड्याची दुसरी, सॉल्व्हे याची स्वस्त कृती आल्यावर तर लब्लांकचे जुने कारखाने ह्या एके काळच्या टाकाऊ वायूवरच तगले. कायद्याच्या धाकाने जे अडविले, त्यानेच पुढे पोट भरले!

परंतु कोळशाच्या साध्या धुराला ह्या कायद्याने हात लावला नव्हता. त्याची किंमत लंडनने १९५२ च्या डिसेंबरात मोजली. पाच दिवसांच्या विषारी धुक्याने सुमारे चार हजार माणसे दगावली असे तेव्हा मानले गेले. पुढील संशोधकांनी तो आकडा बराच वर नेला आहे. त्यानंतर १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा झाला.

हुगळीकाठी बदलून आलेल्या आमच्या वाचकांना हे ऐकून कौतुक वाटेल की, ज्या १८६३ साली विलायतेत अल्कली कायदा झाला त्याच साली कलकत्ता व हावडा यांसाठीही धुराच्या उपद्रवाचा कायदा झाला होता. १९०५ मध्ये बंगालचा नवा कायदा आला. १९१२ मध्ये मुंबईनेही तसाच केला. धुराचा काळेपणा रिंगेलमान ह्या फ्रेंच प्राध्यापकाच्या करड्या छटांच्या तक्त्याशी ताडून पाहावयाचा, ही पद्धत कलकत्त्यात रूढ झाली. बंगालच्या कायद्याने घरगुती चुली आणि चितांचा अग्नी यांना वगळले होते. शहाणपणच ते, परंतु गिरणीचे धुराडे निवळले तरी संध्याकाळी चुलींचा धूर गल्लीबोळांत दाटून राहीच.

स्वतंत्र भारताने हवेच्या प्रदूषणाचा अखिल भारतीय कायदा १९८१ मध्ये केला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ घडले आणि १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सतरा प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना धुराड्यावर अखंड मोजणी करणारी यंत्रे बसविण्यास फर्माविले. स्मिथच्या चार उपनिरीक्षकांना वर्षातून काही वेळाच जे करता येई, ते आता यंत्र अहोरात्र करू शकते.

तरी जुना प्रश्न सुटला असे आम्हांस वाटत नाही. यंत्राची मापशुद्धी कोणी तपासली? नळी धुराड्यात योग्य जागी आहे काय? आकडा मर्यादेच्या आत आहे, पण त्या आकड्याखाली राहणाऱ्या वस्तीतील मूल खोकते आहे काय? जो अधिकारी अनुपालन-अहवालावर सही करतो, त्याने एकदा तरी धुराड्यापाशी जाऊन आले पाहिजे. १८७४ च्या दुरुस्तीने कारखानदाराची वही बाजूस सारली, ती याचसाठी. आमच्यापैकी कितीतरी जण परप्रांतात अशाच फायलींवर बसलेले आहेत. त्यांच्या पुढ्यातील कागदावर जो आकडा आहे, तोच वायू ती वस्ती श्वासावाटे घेत आहे, एवढे ध्यानात राहिले तरी त्या सहीला अर्थ येईल.