एंजिनाच्या भागांवरील रंग काढणे
धातूच्या एंजिनभागांवरील जुना रंग पुनर्रंगापूर्वी मूळ पृष्ठभागापर्यंत उतरविण्याची प्रक्रिया. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात भाग बुडविणे ही जुनी पद्धत फक्त बीड व पोलाद यांना चालते. ॲल्युमिनियमची झाकणे त्यात विरघळू लागतात व हायड्रोजन सुटतो (पहा : क्षार). मिथिलीन क्लोराइडच्या लेपाने रंग फुगून सुटतो. वाफा घातक असल्याने अमेरिकेत २०१९ मध्ये अशा लेपांच्या किरकोळ विक्रीवर बंदी आली. वाळूच्या माऱ्यातील धुळीने सिलिकोसिस होतो (पहा : व्यवसायजन्य रोग), म्हणून काचेचे मणी वापरतात. मणी तेलवाहिन्यांत राहिल्यास बेअरिंगे खराब होतात. त्यामुळे भोके आधी बुचांनी बंद करतात. उघडे लोखंड दमट हवेत तासाभरातही गंजू लागते, म्हणून प्रायमर लगेच मारतात (पहा : गंजणे).