हेम्प-चुन्याच्या भिंतींचे घर

हेम्पच्या खोडाचा गाभा, चुना आणि पाणी यांच्या मिश्रणातून घडणाऱ्या भिंतीस हेम्पक्रीट म्हणतात. हेम्प म्हटले की मराठी माणसास ताग किंवा अंबाडी आठवते. वस्तुतः ही भांगेचीच वनस्पती होय. मात्र बांधकामासाठी घेतल्या जाणाऱ्या तिच्या जातींत मादक द्रव्य नगण्य असते. खोडावरील वाख काढल्यावर उरणाऱ्या हलक्या, सच्छिद्र गाभ्याचे तुकडे भिंतीसाठी वापरतात. ब्रिटनमध्ये लागवडीस गृहखात्याचा परवाना लागतो. हे तुकडे विकत घेण्यास लागत नाही.

जुन्या लाकडी चौकटीच्या घरांत सिमेंट भरले की ओल अडकून लाकूड कुजते. त्यावरील उपाय म्हणून १९८०च्या दशकात फ्रान्समध्ये हे मिश्रण पुढे आले. ब्रिटनमध्ये २००१च्या सुमारास सफोकमधील हॅव्हरहिल येथे त्याची घरे उभी राहिली. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यातही या वनस्पतीचे अवशेष आढळल्याचे संशोधकांनी २०१६मध्ये नोंदवले आहे. अर्थात तो गिलावा होता, भिंत नव्हे.

नावातील काँक्रीटच्या भासाने फसू नये. ही भिंत घराचा भार पेलत नाही. तो लाकडी सांगाड्याने पेलायचा असतो. सांगाड्याभोवती फळ्या लावून मिश्रण थराथराने, हलक्या हाताने दाबतात. जोराने ठोकल्यास त्यातील हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही. ३०० मिलिमीटर जाडीच्या भिंतीचा यू-मूल्यांक साधारण ०.२२ येतो. इंग्लंडमध्ये नव्या घराच्या भिंतीसाठी ०.२६ ही कमाल मर्यादा असल्याने ती नियमात बसते. परंतु नियमावलीतील आदर्श घराचा ०.१८ गाठायचा तर जाडी ३७५ मिलिमीटरच्या आसपास न्यावी लागते. लहान भूखंडावर ही वाढ खोल्यांच्या क्षेत्रफळातूनच वजा होते.

खरी कसोटी ओलाव्याची. ही भिंत हवेतील बाष्प शोषते आणि परत सोडते. म्हणूनच तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग चालत नाही. चुन्याचाच गिलावा हवा, जोते जमिनीपासून पुरेसे उंच हवे आणि छपराची वळचण रुंद हवी. भरणीनंतर भिंत वाळण्यास किमान सहा ते आठ आठवडे लागतात, ओलसर हवेत त्याहून अधिक. त्यामुळे इंग्लंडमध्ये भरणी वसंतात सुरू करणे शहाणपणाचे. शरद ऋतूत घाईने केलेली भरणी ओली असतानाच थंडीत सापडते. कंत्राटदाराच्या वेळापत्रकात हा अवकाश आधीच लिहून घ्यावा, कारण विलंबाचा दोष पुढे भिंतीवरच येतो. मिश्रण हाताळताना हातमोजे आणि चष्मा अनिवार्य आहेत; ओला चुना त्वचा भाजतो.

अमेरिकेतील वाचकांसाठी एक भर: २०२४च्या आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेत हेम्प-चुन्याविषयी परिशिष्ट आहे. मात्र स्थानिक प्रशासनाने ते स्वीकारले असेल तरच ते लागू होते. गृहकर्ज आणि विमा देणाऱ्यांची लेखी संमती मात्र कोणत्याही देशात पाया खणण्यापूर्वीच घ्यावी.