निवासी

पुण्यात ‘रेसिडेंट’ हा शब्द डॉक्टरांच्या शंभरएक वर्षं आधी आला, आणि तो राजकारणातून आला. १७८६मध्ये चार्ल्स मॅलेट पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून दाखल झाला. संगमावर रेसिडेन्सी उभी राहिली, आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, मराठी फौजेनं ती जाळली. रेसिडेंट म्हणजे दरबाराच्या गावी मुक्काम ठोकून बसलेला माणूस. पाहुणा म्हणावं तर जात नाही, घरचा म्हणावं तर कुणी मानत नाही. वर्तमानपत्रं ज्याला ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात त्याला हे वर्णन थोडंफार लागू पडतं. जबड्याच्या सर्जरीच्या रेसिडेंटला मात्र ते मापं घेऊन शिवल्यासारखं बसतं.

मूळ मुद्दा राहण्याचाच. पॅरिसच्या हॉस्पिटलांनी १८०२पासून परीक्षा घेऊन ‘इंटर्न’ निवडायला सुरुवात केली. इंटर्न म्हणजे आत राहणारा. रोज येऊन-जाऊन काम करणारा तो ‘एक्स्टर्न’. जर्मन मुलखात प्राध्यापकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबणारे असिस्टंट असत. विल्यम हॉल्स्टेड हा तरुण अमेरिकन सर्जन १८७८ ते १८८० अशी दोन वर्षं युरोपात हे सगळं बघत हिंडला. १८८९मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल उघडलं, तेव्हा सर्जरीच्या विभागात त्यानं तोच शिरस्ता पाडला. रेसिडेंटनं हॉस्पिटलातच राहायचं, लग्न करायचं नाही, आणि हे किती वर्षं चालणार ते विचारायचं नाही. साहेबांना वाटलं तयार झाला, की झाला. साधारण सहा वर्षं असिस्टंट आणि वर दोन वर्षं हाउस सर्जन, असा हिशेब पडे. खाली पुष्कळ, वर एकच. ३३ वर्षांत शेवटच्या पायरीपर्यंत पोचले ते १७ जण. साहेब स्वतः शर्ट धुवायला पॅरिसला पाठवत. याला गुरुकुल म्हणायचा मोह होतो, पण गुरुकुलात गुरू घरी असतो. हॉल्स्टेड उन्हाळ्यात महिनोन्‌महिने गावाला जाई आणि विभाग रेसिडेंट चालवत. पद्धतीतला हा भाग आपल्याकडे फारसा न सांडता पोचला.

या हॉल्स्टेडचं दातांशी जुनं नातं होतं. सप्टेंबर १८८४मध्ये कार्ल कोलरचा शोध जाहीर झाला: कोकेनचे थेंब टाकले की डोळा बधिर होतो. हॉल्स्टेड तेव्हा न्यूयॉर्कला होता. त्यानं आणि त्याचा मित्र रिचर्ड हॉल यानं काही महिन्यांतच तेच कोकेन सुईनं थेट नसेजवळ सोडून पाहिलं, एकमेकांवर आणि विद्यार्थ्यांवर. खालच्या जबड्याची नस जिथं हाडात शिरते तिथं औषध सोडलं की त्या बाजूचे सगळे दात बधिर होतात, हे असं कळलं. तुमची खालची दाढ कधी काढली असेल, तर गालाच्या आत पार मागे गेलेली ती सुई आठवा. औषध बदललं, जागा तीच आहे. या प्रयोगांची किंमत हॉल्स्टेडनं मोजली. त्याला कोकेनचं व्यसन लागलं, त्यावर उपचार करताना मॉर्फिन चिकटलं, आणि ते सुटलं नाही. चोवीस तास जागणाऱ्या रेसिडेंटची कल्पना कोकेनच्या झिंगेतून निघाली, असं हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ऐकू येतं. मला ते पटत नाही. जर्मन असिस्टंट कोकेनशिवायच जागत होते. १९२२मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, अमेरिकेतल्या दंतवैद्यांनी हॉल्स्टेडला जबड्याच्या त्या भुलीबद्दल सुवर्णपदक दिलं.

म्हणजे ज्यानं रेसिडेंट घडवला त्यानंच दातवाल्यांच्या हातात सुई दिली. तरीही त्याच्या हॉस्पिटलाची दारं दातवाल्यांना सहजी उघडली नाहीत, आणि त्याचं कारण त्याच गावात, पन्नास वर्षं मागे आहे. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज १८४०मध्ये बाल्टिमोरलाच निघालं. होरेस हेडन आणि चॅपिन हॅरिस यांना दंतविद्या मेडिकल कॉलेजातच शिकवायची होती, पण तिथल्या प्राध्यापकांनी ‘हे क्षुल्लक काम आहे’ म्हणून हाकललं, अशी गोष्ट आमच्या दंतवैद्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कागदोपत्री पुरावा पातळ आहे. पण भाऊबंदकीत मोजणीच्या नकाशाला कोण विचारतं? दोन चुली झाल्या आणि जबडा नेमका मधल्या भिंतीवर राहिला. हाड डॉक्टरांचं, त्यात रोवलेले दात आमचे.

ती भिंत ओलांडायचं खरं कारण फ्रॅक्चरनं दिलं. मोडलेला जबडा बाहेरून कितीही बांधा, तुकडे जागेवर आले की नाही हे कळणार कसं? दात सांगतात. वरचे आणि खालचे दात पूर्वीसारखे एकमेकांत बसले, की हाड जागेवर आलं. इलिनॉयच्या थॉमस गिल्मरनं १८८७मध्ये वरचे-खालचे दात तारेनं बांधून टाकायची जुनी युक्ती पुन्हा चलनात आणली. पहिल्या महायुद्धात, खंदकातून डोकं वर काढणाऱ्यांचे चेहरे उडू लागले, तेव्हा हे ज्ञान असलेला माणूस सोन्याच्या मोलाचा झाला. ऑग्युस्त व्हालादिए हा त्यांतला एक. पॅरिसमधला श्रीमंत डेंटिस्ट, ज्यानं आपल्या रोल्स-रॉइसमध्ये दातांची खुर्ची बसवून घेतली होती. बुलोनजवळ तो ब्रिटिश सैनिकांचे जबडे जुळवत होता, पण डॉक्टर शेजारी उभा असल्याशिवाय ऑपरेशन करायची त्याला परवानगी नव्हती. १९१५मध्ये या पहाऱ्यावर नेमलेला तरुण सर्जन होता हॅरल्ड गिलीज. पहारेकरीच शिष्य झाला, आणि पुढे प्लास्टिक सर्जरीचा जनक म्हणून नावाजला गेला.

लढाई संपताना, १९१८मध्ये, अमेरिकेत दात काढणाऱ्यांनी आपली संघटना स्थापली. नावातच दात काढणं होतं. तीन वर्षांनी नावात ‘ओरल सर्जन’ आले, १९४६मध्ये दात काढणारे गळाले, आणि १९७०च्या दशकात ‘मॅक्सिलोफेशियल’ जोडलं गेलं. आता हे लोक तिथं चार वर्षं, किंवा मेडिकलची पदवी जोडून सहा वर्षं, हॉस्पिटलात राहून शिकतात. ब्रिटनमध्ये दोन्ही पदव्या लागतात. आपल्याकडे बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस. मुंबईचं नायर डेंटल १९३३चं आहे, दंतवैद्यांचा कायदा १९४८चा. रेसिडेंटची नावं दोन्हीकडची चालतात: इंग्रजी वळणाचे ‘हाउसमन’ आणि ‘रजिस्ट्रार’, अमेरिकी वळणाचा ‘जेआर-वन’, म्हणजे पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट.

मी जेआर-वन होतो त्या हॉस्पिटलाचं नाव नको. रात्री कॅज्युअल्टीतून फोन यायचा, “दातवाल्यांना पाठवा.” हेल्मेट नसलेला मोटरसायकलवाला, हनुवटीवर टाके, ओठांतून लाळ आणि रक्त. हॉल्स्टेडची ती भूल द्यायची. मग हुकांची चपटी पट्टी, आर्च बार, हिरडीच्या कडेनं वाकवायची आणि एकेका दाताभोवती सव्वीस गेजची तार ओवायची. तार दोन दातांच्या फटीतून आत जाते, बाहेर येते, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं पिळायची. पिळाची दिशा प्रत्येक दाताला तीच, कारण सकाळी सैल झालेली तार कुणीतरी दुसराच घट्ट करणार असतो. एक पिळा जास्त झाला की तार तुटते आणि टोक तर्जनीत घुसतं, हातमोजा असो-नसो. दीड-दोन तासांनी वरचा-खालचा जबडा बांधून झाला, की रुग्णाच्या उशाशी तार कापायची कात्री टांगायची आणि नातेवाइकांना तीनतीनदा सांगायचं: ओकारी आली तर आधी तारा कापा, मग आम्हाला शोधा.

शोधणार कुठं, हा प्रश्न होताच. रेसिडेंट होस्टेलच्या खोल्या मेडिकलवाल्यांना पुरत नव्हत्या. डेंटलच्या निवासींची नावं यादीत दरसाल खाली सरकायची. कार्यालयातल्या बाबूंनी एकदा समजावलं, “डॉक्टर, तुमची पोस्ट निवासी आहे, पण निवासाची तरतूद त्यात नाही.” तेव्हा आम्ही ओपीडीतच झोपायचो. दोन नंबरची खुर्ची पायानं कळ दाबली की पूर्ण आडवी व्हायची, आणि नर्सताईंना ते ठाऊक होतं. कॅज्युअल्टीचा फोन आला की त्या दिवा न लावताच त्या खुर्चीपाशी यायच्या.