न्यूयॉर्क बंदरातील कालवांची कहाणी
सन १६०९ मध्ये हेन्री हडसन याचे जहाज ज्या खाडीत शिरले, तिच्या तळाशी पसरलेल्या कालवांवर तेथील लेनापी लोकांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती, याची साक्ष किनाऱ्यावरील शिंपांच्या राशी देत होत्या. पुढे शहर वाढले आणि कालव हे धनिकांचे तसेच मजुरांचेही अन्न झाले. ब्रॉड स्ट्रीटवर थॉमस डाउनिंग या कृष्णवर्णीय गृहस्थाने १८२५ साली काढलेल्या खाणावळीत पेढीवाले व मुत्सद्दी जेवत असता खाली तळघरात दक्षिणेतून निसटलेल्या गुलामांना आसरा मिळे असे सांगतात, आणि हा विरोधाभास मला तेथील कोणत्याही पक्वान्नाहून अधिक रुचकर वाटतो.

बेसुमार उपसा, किनाऱ्यावरील भराव आणि बंदरात सोडलेला मैला यांनी हे वैभव लयास नेले. विषमज्वराच्या धास्तीने सरकारी हुकूम सुटत गेले व १९२७ साली अखेरचे कालवक्षेत्रही बंद पडले.

१९७२ च्या जलशुद्धीच्या कायद्यानंतर पाणी हळूहळू निवळले, आणि २०१४ साली गव्हर्नर्स बेटावरील सागरी विद्यालयाच्या आश्रयाने ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ उभा राहिला. उपाहारगृहांतून गोळा केलेले शिंपले उन्हापावसात सुमारे वर्षभर ठेवून शुद्ध करावयाचे, हौदांत त्यांवर कालवांची अर्भके चिकटू द्यावयाची, आणि मग विद्यार्थी व स्वयंसेवक यांच्या हातून ती बंदरात रुजवावयाची, असा हा क्रम आहे. ही कालवे खाण्यास मात्र सक्त मनाई आहे, कारण मोठा पाऊस झाला की शहरातील गटारांचे पाणी अजूनही याच बंदरात उतरते.