आधी धरण, मग कायदा

सिद्धेश्वर म्हटलं की आपल्याला धरणच आठवतं. पूर्णेवर वर येलदरी, खाली सिद्धेश्वर. साठच्या दशकात पाणी अडलं आणि नदीकाठची काळीभोर जमीन, गावठाणं बुडाली. तेव्हाच्या भूसंपादन कायद्यात मोबदला होता, पुनर्वसनाचा हक्क नव्हता. म्हणजे पैसे घ्या आणि उठा! राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ मध्ये. तोवर ही माणसं कधीच पांगली होती.

आज याच पाण्यावर हिंगोलीची तहान भागते, वसमतकडे कालव्यावर शेती पिकते. आम्ही पत्रकार दर पावसाळ्यात साठ्याचे टक्के छापतो. बुडालेल्या गावांची यादी कधी छापली नाही. कुणाच्या घरी आजोबांच्या जमिनीची नोटीस, निवाड्याची प्रत असेल तर कळवा.